चौदावी ओळ

सुनावणीला पाच महिने झाले. फाईलवर शेरा पडला, फाईल बंद झाली, कागदोपत्री सगळं नीट आहे. तरी अध्यक्षांनी विचारलेला एक प्रश्न आणि त्यावर मी दिलेलं उत्तर मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

मी पालिकेच्या नगररचना विभागात काम करते. लोकांना वाटतं, आम्ही शहर कसं दिसावं ते ठरवतो. प्रत्यक्षात जिन्याची रुंदी, सामासिक अंतरं (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) आणि चटई क्षेत्राच्या बेरजा तपासण्यात दिवस जातो. आमच्यासारख्या मध्यम शहरात येणारे बहुतेक प्रस्ताव शहराच्या कडेचे असतात. तिथे जमीन मोकळी, प्लॉट चौकोनी, नकाशा नियमात अलगद बसतो. मध्यवस्तीतला प्रस्ताव क्वचित येतो. आला की मी तो दुसऱ्या कुणाला देत नाही.

हा प्रस्ताव भर बाजारातल्या एका प्लॉटचा होता. दर्शनी बाजू 18 मीटर, खोली 46 मीटर. तिथलं जुनं थिएटर पाडून कित्येक वर्षं झाली होती आणि पत्र्याच्या कुंपणाआड गवत माजलं होतं. बिल्डर गावातलाच, लहान. खाली रस्त्याला लागून चार दुकानं, वर पाच मजले घरं. नकाशा हातात घेतला तेव्हाच मला तो आवडला. चारही दुकानांची दारं थेट फुटपाथवर, वरच्या घरांच्या खिडक्या रस्त्याकडे. संध्याकाळी दुकानं बंद झाली की आमची मध्यवस्ती ओस पडते, कारण तिथे राहणारं कुणी उरलेलं नाही. या इमारतीत माणसं राहणार होती.

आणि मग पार्किंगचा हिशोब. नियमाप्रमाणे 40 गाड्या.

हा आकडा काय करतो, ते थोडं सविस्तर सांगते, कारण इथेच मध्यवस्तीतल्या इमारती मरतात आणि बाहेर कुणाला कळतही नाही. एक गाडी उभी करायला अडीच बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर लागतात. पण गाडी तिथवर पोचायला मधे सहा मीटरचा रस्ता हवा, वळायला जागा हवी, खांब सोडायचे, रॅम्प सोडायचा. सगळं धरलं की एका गाडीला 25 ते 30 चौरस मीटर जातात. एखाद्या छोट्या घराच्या दोन खोल्या एवढ्यात होतात.

तळघरात उतरायचं तर रॅम्पचा उतार 1:8. तीन मीटर खाली जायला 24 मीटर लांबी. वर आणि खाली गाडीचं पोट घासू नये म्हणून उतार थोडा सपाट करावा लागतो, ती लांबी वेगळी. म्हणजे 46 मीटरच्या प्लॉटची निम्म्याहून जास्त खोली रॅम्पच खातो. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांसाठी तो सहा मीटर रुंद ठेवला की 18 मीटरच्या दर्शनी बाजूतला एक तृतीयांश तुकडा गेला. वरच्या घरांचा जिना-लिफ्ट आणखी तीन मीटर घेतो. चार दुकानांची दोन झाली. उरलेल्या जागी फुटपाथ कापून जाणारं एक काळं भोक, ज्यातून गाडी केव्हा बाहेर येईल याकडे चालणाऱ्याने लक्ष ठेवायचं.

एवढं करूनही एका तळघरात 20च्या आसपास गाड्या बसत होत्या. 40 बसवायच्या तर दुसरं तळघर. दोन्ही बाजूंना जुन्या इमारती, भिंतीला भिंत लागलेली, पाया उथळ. त्यांच्या शेजारी सहा-सात मीटर खोल खणायचं तर आधी कडेने पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे खांब, मारून माती धरून ठेवावी लागते. बिल्डर माझ्यासमोर बसून शांतपणे म्हणाला, "मॅडम, मी घरं विकायला निघालोय. या हिशोबात मी खड्डा विकतोय."

तो खोटं बोलत नव्हता. माझ्या टेबलाशी येणारे बरेच जण रडगाणं गातात, पण या माणसाचे आकडे मी स्वतः तपासले होते.

घरांसोबत गाड्यांची जागा सक्तीची करण्याची ही कल्पना शंभर वर्षं जुनी आहे. अमेरिकेतल्या कोलंबस शहराने 1923 मध्ये रहिवासी इमारतींना ती लागू केली आणि पुढे ती जगभर नकलली गेली. कडेच्या मोकळ्या जमिनीला आणि बाजारातल्या अरुंद प्लॉटला एकच तक्ता लावायचा, हे आमच्याकडेही तसंच आलं. कुणी मुद्दाम केलं असं नाही, पण कुणी थांबून पाहिलंही नाही. अमेरिकेतल्याच बफेलोने 2017 मध्ये आणि कॅनडातल्या एडमंटनने 2020 मध्ये ही सक्ती शहरभर काढून टाकली. आमच्या नियमात एवढी फट होती की समितीला पटलं तर शिथिलता देता येते. मी शिथिलतेची शिफारस करायचं ठरवलं. पण शिफारस करायची तर पुरावा हवा.

म्हणून मी स्वतः रस्त्यावर उतरले. विभागात यावर दोन मतं होती. माझ्या वरिष्ठांचं म्हणणं, कन्सल्टंटचा जुना अहवाल जोडा आणि मोकळ्या व्हा. तो अहवाल मी वाचला होता. त्यात दुपारी एकदा रस्त्यावरच्या गाड्या मोजल्या होत्या. एकदा मोजून रस्ता भरलाय एवढंच कळतं. कशाने भरलाय, ते कळत नाही.

त्यासाठी गाड्या किती वेळ थांबतात ते बघावं लागतं. पद्धत साधी आहे, फक्त पाय दुखतात. रस्त्यावरच्या प्रत्येक जागेला एक क्रमांक द्यायचा. दर अर्ध्या तासाने पूर्ण रस्ता चालायचा आणि प्रत्येक जागेवरच्या गाडीच्या नंबराचे शेवटचे चार आकडे लिहायचे. उभ्या रकान्यात वेळ, आडव्या ओळीत जागा. तीच गाडी दिसली तर बरोबरची खूण, नवी आली तर नवा नंबर. मी आणि आमचा तरुण सर्व्हेअर सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत चाललो. 25 फेऱ्या. जागा 56.

दुपारपर्यंत तक्ता स्वतःच बोलायला लागला. काही ओळींत दर दोन रकान्यांनी नंबर बदलत होते. तिथे गिऱ्हाईक येत होतं, जात होतं. आणि काही ओळींत सकाळी एकदा नंबर लिहिला की पुढे नुसत्या खुणाच खुणा. रात्री हिशोब केला तर 56 पैकी 23 जागांवर एकच गाडी सहा तासांहून जास्त उभी होती. सहा तास खरेदी कुणी करत नाही. या गाड्या पावणेदहाला आल्या होत्या, शटर उघडायच्या आधी, आणि शटर पडल्यावर गेल्या होत्या. अडीचशे मीटरवर पालिकेचंच बहुमजली वाहनतळ आहे. गर्दीच्या वेळेला मी जिने चढून वर गेले. तिसरा आणि चौथा मजला रिकामा. कबुतरं होती.

आता चौदाव्या ओळीबद्दल.

त्या दिवशी ऊन फार होतं. तिसऱ्या-चौथ्या फेरीला एका चपलांच्या दुकानातले काका बाहेर आले. वय सत्तरीच्या आसपास. "केव्हापासून बघतोय, फेऱ्या मारताय. कसलं मोजताय?" मी सांगितलं. त्यांनी आतून लाकडी स्टूल आणलं, छपराच्या सावलीत ठेवलं. "दोन फेऱ्यांच्या मधे बसत जा इथे. पोरालाही बसव." मग दिवसभर आम्ही तिथेच टेकलो. त्यांनी मला या रस्त्याची हकिगत सांगितली: कुठलं दुकान कुणी काढलं, कोण सोडून गेलं, थिएटरचा रात्रीचा खेळ सुटला की साडेबारालाही दोन-चार जोड कसे खपायचे. मला कित्येक अहवालांतून जे कळलं नव्हतं, ते त्या स्टुलावर कळलं.

चौदा नंबरची जागा त्यांच्या दुकानासमोरची. तिथली राखाडी गाडी नऊ पस्तीसला आली. दहाच्या फेरीत मी तिचे चार आकडे लिहिले, पुढे रात्रीपर्यंत सगळ्या खुणा. साडेआठची खूण मी त्या स्टुलावर बसूनच केली. नऊला ते शटर ओढून त्याच गाडीत बसले आणि मला हात करून गेले.

अहवाल मी मनापासून लिहिला. 38 पानं झाली. किती वेळ कोणती जागा अडली, याचा तक्ता परिशिष्टात, पान 31वर. आज वाटतं तो पहिल्या पानावर हवा होता. आमच्या खात्यात टिपणीचा पहिला परिच्छेद आणि शेवटचा परिच्छेद वाचतात, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं असं नाही.

सुनावणीला अकरा हरकतदार आले, सगळे त्या रस्त्यावरचे. काकांना बोलायला पुढे केलं होतं. ते आवाज न चढवता बोलले. "गिऱ्हाईक येतं, गाडी लावायला जागा नसते, परत जातं. मी रोज डोळ्यांनी बघतो. वर तीस घरं आली आणि त्यांच्या गाड्या खाली रस्त्यावर आल्या, तर आम्ही काय करायचं?" हे खरंच होतं. ते रोज बघत होते. मीही त्या दिवशी तशा तीन गाड्या मोजल्या होत्या, ज्या हळू झाल्या, जागा नाही बघून निघून गेल्या.

मग मला विचारलं. मी वाहनतळाचे रिकामे मजले सांगितले, नकाशावर चालायचं अंतर दाखवलं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा 2006चा अभ्यास सांगितला: तिथल्या दुकानदारांचा अंदाज होता की 41 टक्के गिऱ्हाईक गाडीने येतं, प्रत्यक्षात विचारलं तर 22 टक्के निघालं. कोपनहेगनचा स्ट्रॉएट सांगितला, जो 1962 मध्ये चालणाऱ्यांसाठी मोकळा करताना दुकानदारांनी जोरदार विरोध केला होता आणि जो आज त्या शहराचा मुख्य बाजाररस्ता आहे. स्पेनमधल्या पॉन्टेवेद्राने 1999पासून मध्यवस्तीतल्या गाड्या कशा हटवल्या, तेही सांगितलं; ते तर आमच्यासारखंच मध्यम शहर.

एक सदस्य म्हणाले, "मॅडम, ही सगळी लांबची गावं झाली."

आणि मग अध्यक्षांनी तो प्रश्न विचारला. बाई अभ्यासू आहेत, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "ते राहू द्या. आपल्या या रस्त्यावर दिवसभर ज्या गाड्या उभ्या असतात, त्या कुणाच्या आहेत?"

तक्ता माझ्या मांडीवर होता. काका माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसले होते. ते माझ्याकडे बघत होते. त्यांना काही ठाऊक नव्हतं, फक्त ओळखीचं माणूस बोलतंय म्हणून बघत होते.

मी म्हणाले, "पाहणी मालकीनिहाय केलेली नाही."

शब्दशः ते खरं होतं. आम्ही मालकी नोंदवत नाही, नोंदवायची नसते, आणि कुणाची गाडी कुठे होती हे भर सभेत सांगणं मला आजही चूक वाटतं. पण प्रश्नाचं उत्तर नाव न घेताही देता आलं असतं. 56 पैकी 23 जागांवर गाडी सहा तासांहून जास्त उभी असते, गिऱ्हाईक एवढं थांबत नाही. दोन वाक्यं. ती दोन वाक्यं बोलले असते, तर तिथल्या अकराही जणांना आपापली जागा आठवली असती. ब्रिस्टलमधल्या दुकानदारांना मी बेधडक चुकीचं ठरवलं, कारण त्यांच्यापैकी कुणी मला स्टूल दिलं नव्हतं.

शिथिलता नाकारली गेली. "पुराव्याअभावी" असा शब्द आदेशात आहे. बिल्डरने दोन तळघरांचा सुधारित नकाशा करून पाहिला, मग प्रस्ताव मागे घेतला. मला दोष दिला नाही. आता तो कडेला, बाह्यवळणापाशी बांधतोय. तिथे 40 गाड्या उघड्यावरच बसतात.

सर्व्हेअरने मात्र विचारलं. बाहेर पडताना जिन्यातच. "मॅडम, पान 31 का नाही वाचलं?" मी म्हटलं, वेळ नव्हता. तो काही बोलला नाही. त्या दिवशी 25 फेऱ्या त्यानेही मारल्या होत्या.

गेल्या महिन्यात त्या रस्त्याने जाताना काकांनी हाक मारली. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. "त्या थिएटरच्या जागेचं काय झालं हो? तिथे माणसं राहायला आली असती तर बरं झालं असतं, संध्याकाळी फार सुनं वाटतं." मी त्यांना तेव्हा सांगितलं. सगळं, चौदाव्या ओळीसकट. त्यांनी ऐकून घेतलं, बाहेर आपल्या गाडीकडे बघितलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तिथे विचारायचं होतंस ना मला. मी सांगितलं असतं."

परवा त्या प्लॉटच्या मालकाचा अर्ज माझ्या टेबलावर आला. जागेवर तात्पुरतं वाहनतळ करायचं आहे. सपाटीकरण, खडी, कडेने तेच पत्रे. नियमात पूर्ण बसतो. शिथिलता लागत नाही, सुनावणी लागत नाही. छाननीला दहा मिनिटं पुरतील. मी अजून फाईल उघडलेली नाही.