तुम्ही विचारलंत म्हणून: तयार कार्यक्रम का नाही लावत?

कम्युनिटी रेडिओवर, म्हणजे आसपासच्या गावांपुरत्या रेडिओवर, काम करते म्हटलं की हा प्रश्न ठरलेलाच. तयार ऑडिओ ढिगाने फुकट मिळतो, मग तुम्ही रेकॉर्डर घेऊन बांधाबांधावर कशाला फिरता?

अहो, मग टॉवर तरी कशाला उभा करायचा? 2006 साली सरकारने स्वयंसेवी संस्थांना असं केंद्र काढायची परवानगी दिली, त्यात ताकद साधारण 100 वॅटपर्यंत, अँटेना 30 मीटरच्या वर नाही, म्हणजे आवाज जाऊन जाऊन जाणार पाच-दहा किलोमीटर, आणि निदान निम्मे कार्यक्रम तिथेच बनलेले हवेत. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, फक्त आकाशवाणीच्या लावता येतात. पण पाणी कधी सुटणार, लाईट कधी जाणार हे सांगता येतं, आणि लोक त्यासाठीच तर लावतात.

पण खरं सांगू का, निम्म्याचा नियम कागदावर कसाही भरता येतो. बाहेरून आलेली स्क्रिप्ट आपल्याच पोराने वाचली की झालं लोकल! मीही सुरुवातीला केलंय, खोटं कशाला बोलू.

मग एक आजी भेटल्या. बियाणं राखेत कसं ठेवायचं ते ओसरीवर बसून झकास सांगत होत्या, मी माइक पुढे केला आणि आजी एकदम "आम्ही बियाण्याची साठवणूक करतो" वर आल्या, जन्मात कधी असं बोलल्या नसतील, आणि मीही ते तसंच लावलं कारण कानाला "रेडिओसारखं" वाटलं. दुसऱ्या दिवशी सुनेचा फोन, "ताई, ह्यात आमच्या आत्याबाई कुठंयत?"

तेव्हापासून माइक चालू आहे हे सांगते आणि पहिली दहा मिनिटं नुसत्या गप्पा मारते. "हां मंग", "नव्हं" कापत नाही. कोंबडा आरवला तर आरवू दे. आणि लावायच्या आधी ज्याचं त्याला ऐकवते, कारण एवढ्याशा टापूत नाव नाही घेतलं तरी आवाज सगळे ओळखतात, एकीने सावकाराबद्दलचं काढायला सांगितलं, निमूट काढलं. कार्यक्रमातला सगळ्यात भारी भाग तोच होता, पण उद्या त्याच्या दारात तिला जायचंय, मला नाही.

आजींचं परत रेकॉर्ड केलं. राख, मडकं, शेजारणीला शिव्या, सगळं आलं. शिव्या तेवढ्या कापल्या.