खाऱ्या पाण्याची टाकी: मासे येण्याआधीचे दिवस

नाशिकमध्ये समुद्र पुड्यातूनच आणावा लागतो. शंभर लिटर पाण्याला साडेतीन किलोंहून थोडे अधिक सागरी मीठ लागते. हे पाणी आरओ-डीआय यंत्रातून (पडदा आणि राळ वापरून क्षार काढणाऱ्या) काढलेले, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार शून्य दाखवणारे असावे. पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी पुन्हा खनिजे मिसळलेली असू शकतात, म्हणून मीटर लावल्याशिवाय त्यावर विसंबू नये. खारेपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब ठेवून उजेडाकडे धरला, की निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची सीमा 1.026 या विशिष्ट गुरुत्वाजवळ दिसली पाहिजे.

प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्यामुळे समुद्रातून उचललेल्या खडकाचा प्रश्नच नव्हता. मी कोरडे सिरॅमिक खडक घेतले. त्यांवर माशांच्या मलातून येणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू नसतात, म्हणून बाटलीतल्या जिवाणूंचे विरजण लावावे लागते आणि त्यांना खाद्य म्हणून अमोनियम क्लोराइड टाकून अमोनिया 2 पीपीएमपर्यंत (दशलक्ष भागांत दोन भाग) नेतात. जिवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. यासाठी बहुधा चार ते सहा आठवडे जातात. या काळात पाणी आरशासारखे नितळ दिसते, पण डोळ्यांवर विश्वास ठेवू नये: खाऱ्या पाण्याचा पीएच 8.2 च्या आसपास असल्याने अमोनियाचा विषारी अंश तिथे वाढतो, आणि तो दाखवते ती फक्त परीक्षानळी, जिच्यातला रंग हिरव्यावरून पिवळ्यावर यावा लागतो.

नायट्राइटची धास्ती मात्र मला अवास्तव वाटते. समुद्राच्या पाण्यातील भरपूर क्लोराइडमुळे ते माशांच्या कल्ल्यांतून फारसे शिरत नाही. तथापि त्याच्या उपस्थितीत नायट्रेटचे वाचन फसवे येते, म्हणून नायट्राइट उतरेपर्यंत मी नायट्रेट मोजतही नाही.

आपल्याकडे खरी कसोटी एप्रिल-मेमध्ये लागते. टाकी 26 अंशांवर ठेवण्यासाठी पृष्ठभागावर पंखा सोडला, की पाणी झपाट्याने उडते. मीठ मात्र उडत नाही, म्हणून घट नेहमी साध्या आरओ-डीआय पाण्यानेच भरावी. वीज गेल्यास जिवाणूंनाही प्राणवायू लागतोच, तेव्हा बॅटरीवरचा हवापंप हाताशी असावा. वाळूवर तपकिरी थर आला तर तो बहुधा डायटम या सूक्ष्म शैवालाचा असतो, आपोआप ओसरतो.

टाकलेला 2 पीपीएम अमोनिया चोवीस तासांत शून्यावर येऊ लागला, की साचलेल्या नायट्रेटसाठी मोठा पाणीबदल करायचा आणि मग एकच क्लाउनफिश सोडायचा. पुढच्या माशाआधी अमोनिया पुन्हा मोजायचा.