एलियसवरचा स्पॅम: शिकवण नेमकी कोणाच्या खात्यावर जमा होते?

मुलुंडमधील आमची गृहनिर्माण संस्था आणि नात्यातील काही मंडळी यांच्यासाठी चालवीत असलेल्या मेल सर्व्हरची ही पुढची नोंद आहे. मांडणी पूर्वीचीच आहे: मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेला छोटा व्हीपीएस (आभासी सर्व्हर), त्यावर मेल स्वीकारणारा पोस्टफिक्स, त्याला मिल्टर म्हणजे मेल येतानाच तपासणारा जोड म्हणून लावलेला स्पॅम-गाळक आरस्पॅमडी आणि मेल पेटीत टाकणारा डव्हकॉट.

तक्रार अशी होती की ज्यांच्या वैयक्तिक पत्त्यावरचा स्पॅम बिनचूक जंक फोल्डरमध्ये जातो, त्यांच्याच पेटीत ‘सचिव’ किंवा ‘खजिनदार’ या एलियसमार्गे (स्वतःची पेटी नसलेल्या, दुसऱ्या पेटीकडे वळवणाऱ्या पत्त्यामार्गे) येणारा स्पॅम मात्र खुशाल इनबॉक्समध्ये उतरतो, आणि तो कितीही वेळा जंकमध्ये हलवला तरी दुसऱ्या दिवशी तसलाच मेल पुन्हा हजर असतो. प्रथम संशय एलियसच्या तक्त्यावर आला, परंतु पोस्टफिक्सच्या पोस्टमॅप या आज्ञेने विचारले असता उत्तर योग्य पेटीचेच मिळाले. पुढे एकाच प्रेषकाचे दोन मेल शेजारी ठेवून आरस्पॅमडीने लावलेली चिन्हे तपासली, तेव्हा वैयक्तिक पत्त्यावरच्या मेलवर बेझ-स्पॅम हे चिन्ह होते (बेझ म्हणजे स्पॅम व चांगल्या मेलची उदाहरणे शिकवल्यावर त्यांवरून नव्या मेलबद्दल मत देणारा आरस्पॅमडीचा भाग) आणि एलियसवरच्या मेलवर बेझचे कोणतेच चिन्ह नव्हते. त्या चिन्हाचे स्पॅम-गुण कमी मिळाले असते तर गोष्ट वेगळी होती; येथे बेझने मत दिलेच नव्हते.

कारण क्रमात आहे. मिल्टरला पत्ता दिसतो तो पाठवणाऱ्या सर्व्हरने सांगितलेला, म्हणजे एलियसचाच. एलियसचे पेटीत रूपांतर पोस्टफिक्सचा क्लीनअप हा घटक नंतर करतो. आमच्याकडे बेझची शिकवण प्रत्येक वापरकर्त्यागणिक वेगळी ठेवलेली आहे, त्यामुळे तपासणीच्या वेळी आरस्पॅमडी ‘सचिव’च्या नावाचे खाते उघडतो. याउलट मेल जंकमध्ये हलवल्यावर आयमॅप-सिव्हची (फोल्डर बदलताच आपोआप चालणाऱ्या डव्हकॉटच्या सोयीची) स्क्रिप्ट पेटीच्या मालकाचे नाव पुढे करते आणि शिकवण त्या नावावर जमा होते. शिकलेल्या स्पॅमची व चांगल्या मेलची संख्या प्रत्येकी किमान २०० झाल्याशिवाय बेझ मूळ संरचनेत तोंड उघडत नाही, आणि ‘सचिव’चे खाते तर कायमच शून्यावर होते. पोस्टफिक्सच्या लॉगमधील एकाच ओळीत ‘टू’पुढे पेटी आणि ‘ओरिग-टू’पुढे एलियस, असे दोन्ही पत्ते उभे असतात, ही ओळ वेळीच नीट वाचली तर पुष्कळ खटाटोप वाचतो.

सर्वांसाठी एकच सामायिक शिकवण ठेवणे हा सोपा उपाय होता, पण तो मला मान्य नाही. पुनर्विकासाचे प्रस्ताव, लिफ्टच्या देखभालीची दरपत्रके, पाण्याची टाकी धुण्याच्या जाहिराती हे सारे माझ्या आतेभावासाठी निखालस स्पॅम आहे, तर सचिवांना त्यातले निम्मे कार्यकारिणीपुढे ठेवायचे असते. शिवाय निवडणुकीनंतर सचिव बदलले की एलियस दुसऱ्या पेटीकडे वळतो, तेव्हा पदाची शिकवण पदापाशीच राहिलेली बरी.

म्हणून आता शिकवणीचे खाते ठरवण्याचे काम लुआ या भाषेत लिहिलेल्या एका छोट्या फंक्शनकडे सोपवले आहे. वैयक्तिक एलियस आला तर ते पेटीचे नाव देते, पदाचा एलियस आला तर तो जसाच्या तसा ठेवते, आणि तपासणी व शिकवण या दोन्ही वेळी तेच चालते. शिकवणाऱ्या स्क्रिप्टला मूळ पत्ता कळावा यासाठी पोस्टफिक्सच्या एलएमटीपी सेवेला (मेल डव्हकॉटच्या हवाली करणाऱ्या सेवेला) ‘ओ’ हा फ्लॅग लावला, ज्यामुळे मेलच्या माथ्यावर एक्स-ओरिजिनल-टू हे हेडर जोडले जाते. ही सोय पोस्टफिक्स ३.५ पासून आहे आणि तिच्यासाठी एका खेपेस एकच प्राप्तकर्ता अशी मर्यादा घालावी लागते. स्क्रिप्टने त्यातले सर्वांत वरचे हेडरच वाचावे, कारण खालचे एखादे प्रेषकाने स्वतःच घुसडलेले असू शकते.

जुन्या मेलवर हे हेडर नसल्याने ‘ओरिग-टू’च्या नोंदींशी मेसेज-आयडी जुळवून ते पुन्हा शिकवावे लागले. काम कंटाळवाणे होते, पण २०० ची अट खाली आणण्यापेक्षा हेच बरे वाटले, कारण तुटपुंज्या शिकवणीवर बेझ भलतीच मते देतो. आता ‘सचिव’वरच्या मेलवरही बेझची चिन्हे उमटू लागली आहेत.

एक गोष्ट शिल्लक आहे. एकाच मेलवर सचिव आणि खजिनदार असे दोन प्राप्तकर्ते असतील, तर पहिल्याचे खाते पाहिले जाते आणि निकाल मात्र दोघांना लागू होतो. मूळ संरचनेत बेझ-स्पॅमचे गुण कमाल ५.१ आहेत, स्पॅमचे हेडर लागते ६ गुणांवर आणि मेल नाकारला जातो १५ वर. म्हणजे एकट्या बेझच्या मतावर कोणाचा मेल नाकारला जाणार नाही. त्यामुळे ही त्रुटी तूर्त तशीच ठेवली आहे आणि १५ च्या मर्यादेला हात लावलेला नाही.