अजून चालूच आहेत का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हो, माझ्या गोळ्या चालू आहेत. पॅनिक अटॅकवरची, म्हणजे एकाएकी उसळणाऱ्या भीतीच्या झटक्यांवरची गोळी, एस्सिटॅलोप्रॅम, ५ मिलिग्रॅम, रात्रीच्या जेवणानंतर एक.

मावशी विचारते, सोसायटीतल्या काकू विचारतात, ऑफिसात डबा उघडला की शेजारची मैत्रीण विचारते. "आता तर छान दिसतेस, मग गोळ्या कशाला?" मायेपोटी विचारता, हे कळतं मला. पण इतकी वर्षं तेच ऐकल्यावर कानावर वेगळंच पडतं: तू अजून स्वतःला सावरलं नाहीस.

२०१६ साली लोकलने जाताना, दिवा आणि ठाण्यामधल्या पारसिकच्या बोगद्यात मला असा पहिला झटका आला, ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्यातल्या दोघी तर त्याच डब्यात होत्या. ईसीजी, टूडी एको, थायरॉइड सगळं नॉर्मल आलं, तेही ठाऊक आहे. त्यानंतरचं मात्र मी कुणाला नीट सांगितलेलं नाही.

आधी नेहमीच्या डॉक्टरांनी अल्प्राझोलाम दिलं. अर्ध्या-पाऊण तासात धडधड बसायची. चार महिन्यांत अशी वेळ आली की गोळी पर्समध्ये आहे ना, हे जिना उतरताना मी तीनदा बघायचे. नसली तर परत वर. घ्यायची वेळ आलेली नसतानाही, ती नुसती जवळ नाही म्हणून हातपाय गार पडायचे. तिची सवय लागते हे मला सायकॅट्रिस्टकडे गेल्यावर समजलं. त्यांनी ती हळूहळू उतरवली आणि एस्सिटॅलोप्रॅम सुरू केलं. तुम्ही दोन्हींना "झोपेची गोळी" म्हणता, त्याचा मला खरंच त्रास होतो. ही दुसरी गोळी लगेच काहीच करत नाही. उलट पहिले दहा-बारा दिवस धास्ती वाढली, मळमळ सुरू झाली. डॉक्टरांनी हे आधीच बजावलं होतं म्हणून टिकले. पाचव्या आठवड्यात एका सकाळी ठाणे आलं आणि लक्षात आलं, बोगदा कधी गेला ते कळलंच नव्हतं.

आणि २०१७ च्या दिवाळीत मी ती बंद केली. डॉक्टरांना न विचारता, एका रात्रीत, १० वरून शून्यावर.

तुमच्या बोलण्यामुळे बंद केली, असं मी बरीच वर्षं म्हणत आले. ते अर्धंच खरं आहे. मलाच दाखवून द्यायचं होतं की मी बरी झाले. चौथ्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं, पायाखालची फरशी कलायची. सर्दीने कान बसलेत, असं मी घरात सांगितलं. पंधरा दिवसांनी ते थांबलं. मला वाटलं, सुटले.

डिसेंबरातला शनिवार होता. लेकीला घेऊन दादरला बहिणीकडे निघाले होते. लेक तेव्हा नऊ वर्षांची. डोंबिवलीहून जलद गाडी, लेडीज डबा, तिला खिडकी मिळाली म्हणून ती खूश. तेव्हा जलद गाड्या बोगद्यातूनच जायच्या. दिवा मागे पडलं, अंधार झाला, आवाज दुप्पट झाला आणि माझा घसा आवळला. सव्वा-दीड किलोमीटरचा तर बोगदा, दीडेक मिनिटात संपतो. मला तो संपताना दिसेना. मी उठून दाराकडे जायला लागले. कुठे जाणार होते, माहीत नाही.

लेकीने माझी ओढणी धरली. आजूबाजूच्या बायकांना ती मोठ्यांदा म्हणाली, "माझ्या आईला असं होतं. दहा मिनिटांत थांबतं. तिला बसू द्या." हे वाक्य मी कधीतरी फोनवर तिच्या बाबांना सांगितलं असणार. तिने ते पाठ करून ठेवलं होतं. कुणीतरी सरकून जागा दिली. तिने दप्तरातल्यासारखी माझ्या पर्समधून बाटली काढली, झाकण उघडून हातात दिली. ठाण्याला आम्ही उतरलो. बाकावर बसून ती माझी पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरून होती. घड्याळाकडे बघत होती. मी पार निवले, श्वास ताळ्यावर आला, तेव्हा कुठे तिने विचारलं, "आई, तू मरणार नाहीस ना?" एवढा वेळ तिने तो प्रश्न पोटात ठेवला होता.

दादरला गेलो नाही. परतीच्या गाडीत चढायची माझी हिंमत झाली नाही. रिक्षाने घरी आलो. सोमवारी मी डॉक्टरांकडे गेले आणि गोळी पुन्हा सुरू झाली. त्या रात्रीपासून माझ्या ताटाशेजारी पाण्याचा पेला आणि गोळ्यांची पट्टी लेक आणून ठेवायला लागली. मी गिळेपर्यंत उठायची नाही. आज ती बारावीत आहे. पट्टी आता मीच ठेवते, पण तिची नजर अजून तिकडे जाते.

"गोळ्याच कशाला, दुसरे उपाय कर," असंही तुम्ही म्हणता. केले. २०१८ पासून वर्षभर समुपदेशकाकडे गेले. मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ उपचारपद्धती आपल्याकडे रुजवली, त्याच वाटेवरचं काम. घटना, तिच्याबद्दलचा माझा समज आणि त्यातून उठणारी भावना हे वेगवेगळं लिहून काढायचं. त्याहून उपयोगी पडलं ते भीती मुद्दाम ओढवून घेणं. कपालभाती केली की मला हाताला मुंग्या यायच्या, म्हणून मी ती सोडली होती. त्यांनी नेमकं तेच, त्यांच्यासमोर, करायला लावलं. भराभर श्वास सोडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्याने मुंग्या येतात, गरगरतं. बोगद्यात होतं तेही हेच, हृदय बंद पडत नाही. हे वाचून पटत नाही. खुर्चीवर बसून पंधरा-वीस वेळा करून पाहिल्यावर अंगाला पटतं. मग डोंबिवली ते ठाणे, ठाणे ते डोंबिवली, नुसत्या फेऱ्या.

मग तरीही गोळी का? मधुमेहाची गोळी घेता ना, तशीच ही, असं मी पूर्वी ताडकन उत्तर द्यायचे. आता देववत नाही. मधुमेहात साखर मोजता येते. मला गोळीची गरज अजून आहे की नाही, हे सांगणारी कुठलीही तपासणी नाही. बंद करून बघणं, एवढीच तपासणी. २०१७ सालीच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अशा भीती-चिंतेच्या आजारांवरच्या २८ औषधचाचण्यांचा एकत्रित आढावा आला होता: औषध थांबवलेल्यांपैकी सुमारे ३६ टक्के लोकांना वर्षभराच्या आत आजार परत जडला, चालू ठेवणाऱ्यांत सुमारे १६ टक्के. म्हणजे थांबवूनही बरे राहिलेलेच जास्त. आणि चालू ठेवूनही काहींना परत झालंच. या आकड्यांत मी कुठे बसते? माझी तर पंचाईत दुहेरी. गोळीने काही भावना बोथट झाल्यात असं मला कधी कधी वाटतं. वडील गेले तेव्हा मला वेळेवर रडू आलं नाही. ते गोळीमुळे की माझ्यामुळे, मला सांगता येत नाही. म्हणजे बंद करायची इच्छा मलाही आहे, तुमच्याइतकीच.

गेल्या वर्षी डॉक्टरांच्या सल्ल्याने १० वरून साडेसातवर आणि मग ५ वर आले. ते म्हणतात, शेवटचे टप्पे सगळ्यात सावकाश उतरायचे, कारण डोस जितका लहान, तितका त्यातला थोडासा फरकही मेंदूला मोठा लागतो. पुढची भेट जूनमध्ये आहे. अडीचवर यायचं का, असं ते विचारतील. लेकीची परीक्षा तोवर झालेली असेल. तिला विचारावं की तिला या सगळ्यातून मोकळं ठेवावं, ते माझं अजून ठरत नाही.