अंबाझरीचं पाणी घरात घुसल्यावर पंचनामा कसा झाला : माझा अनुभव

पाऊस लागला का ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतेच, भाऊ २०२३ च्या पुरानंतर मदत कशी मिळाली तुम्हाले, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

२३ सप्टेंबरच्या पहाटे काही तासांतच १०० मिमीच्या वर पाऊस पडला, आमच्या नागपूरचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला अन् नाग नदी आमच्या लेआउटमध्ये शिरली. पाणी उतरल्यावर घरात जो गाळ राहते ना, तो पाहून माणूस आधी झाडू अन् पाइपच शोधते. शेजारच्या काकूंनी आईला थांबवलं, म्हणे वहिनी आधी फोटो काढा मग धुवा, अन् तेच कामी आलं. भिंतीवरची पाण्याची रेघ, फ्रिज, गाद्या, धान्याच्या कोठ्या, सगळ्याचे फोटो घ्या अन् एकात तरी घर नंबर दिसू द्या.

पंचनाम्यावाले कधी येतील याचा नेम नसते, त्यामुळे घरी कोणीतरी पाहिजेच. आधार, पासबुक, लाइट बिल. आमचं पासबुक भिजून लगदा झालं होतं तर मोबाइलवरून स्टेटमेंट काढून प्रिंट दिली, चाललं. किरायेदार असाल तर घरमालकावर सोडू नका, सामान तुमचं गेलं तर नाव तुमचं लिहायला लावा, इथेच जास्त भांडणं झाली. घरामागे १० हजार जाहीर झाले होते, दुकानांना ५० हजारांपर्यंत. १० हजारात काय होते म्हणा, पण सोडायचे काहून?

गाडी बुडाली असेल तर चावी फिरवूच नका. इंजिनात पाणी असताना स्टार्ट मारली का इंजिन जाते, अन् साध्या पॉलिसीत तो खर्च बहुतेक नाकारतात. टो करून न्या, विमा कंपनीच्या सर्व्हेअरला तशीच दाखवा.

या भानगडीत तलावाचंही कळलं. बांध १८७० चा, मातीचा, अन् ओव्हरफ्लोला, म्हणजे जादा पाणी जिथून सांडते त्या जागेला, तेव्हा दरवाजेच नव्हते, म्हणजे आधीच थोडं थोडं पाणी सोडायची सोयच नाही, भरला का आपोआप सांडणार अन् ते थेट नाग नदीत. वरच्या अंगाला वनविभागाचं जैवविविधता उद्यान आहे, काही लोक म्हणतात तिकडचंच पाणी येते. येते ना, पण गवत-झाडी काही तरी मुरवते, सगळं सिमेंट असतं तर याहून लवकर आलं असतं. खरी अडचण खाली आहे, नदीच्या काठाला भिडलेली घरं अन् पाण्याच्या वाटेतली बांधकामं. हायकोर्टात याचिका गेली तेव्हा ओव्हरफ्लोजवळच्या विवेकानंद स्मारकाचाही मुद्दा निघाला, मग समिती, मग दरवाजे बसवायचं ठरलं.

आता सप्टेंबरात तलाव काठोकाठ दिसला का मी गाडी जयताळ्याला बहिणीकडे लावून येतो, अन् पॉलिसीत इंजिनचं वेगळं कव्हर घेतलं आहे, महाग आहे पण घ्याच.