लेझर, कोंबडी आणि सारकोमिअर: ताजी प्रगती

मंडळी, स्नायू कसा आखडतो ते घरीच पाहायचं म्हणून ग्लिसरीनमध्ये ठेवलेले कोंबडीच्या स्नायूचे धागे अखेर बाहेर काढले. समोर कापून घेतलेल्या कोंबडीच्या छातीच्या मांसाच्या पातळ पट्ट्या ताठरण्याआधीच बांबूच्या काडीला ताणून बांधल्या होत्या. निम्मं पाणी, निम्मं ग्लिसरीन, आणि मुक्काम फ्रीजरमध्ये (घरच्यांचा निषेध नोंदवला गेला आहे). ग्लिसरीनमुळे पेशीचं आवरण फाटतं, आतला एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) धुऊन जातो. मागे उरतात मायोसिन आणि ॲक्टिन या प्रथिनांचे तंतू, मायोसिनचे जाड आणि ॲक्टिनचे बारीक, एकमेकांत अडकलेले.

सुयांनी पट्टी पिंजत पिंजत केसाहून बारीक धाग्यापर्यंत आलं की खरी मजा. एकमेकांना आडव्या लावलेल्या दोन पोलरायझर फिल्म, मध्ये ४५ अंशात धागा. पार्श्वभूमी काळी आणि त्यावर चमकणारे पट्टे, एकाआड एक, शेवटपर्यंत. चमकतो तो मायोसिनचा ए-पट्टा. साध्या प्रकाशात हाच गडद दिसतो. मधला काळा तो आय-पट्टा, तिथे फक्त ॲक्टिन.

मोजायला मात्र लेझर बरा. ६५० नॅनोमीटरचा लाल पॉइंटर धाग्यातून सोडला की पट्टे प्रकाश ठरावीक कोनांत वळवणाऱ्या बारीक रेघांच्या जाळीसारखे वागतात आणि मधल्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना ठिपके उमटतात. २० सें.मी.वरच्या कागदावर पहिला ठिपका मध्यापासून ५.४ सें.मी.वर. हिशेब केला: सारकोमिअर (धाग्यात पुन्हा पुन्हा येणारा, आखडणारा एक तुकडा) २.५ मायक्रोमीटर. स्वयंपाकघराच्या ओट्यावर! (किरण डोळ्यात जाऊ देऊ नका, चकाकणाऱ्या सुयांवरूनही नाही.)

मग एटीपी, सोबत पोटॅशियम आणि मॅग्नेशियमचे क्षार. नुसत्या एटीपीने धागा जेमतेम हलतो. क्षारांसकट थेंब पडला आणि धागा डोळ्यांदेखत आखडला. ठिपके बाहेर सरकले, साधारण ६.९ सें.मी., म्हणजे २ मायक्रोमीटर; मग फिसकटून गेले, कारण मोकळा धागा सगळीकडे सारखा आखडत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली आय-पट्टे अरुंद झाले, ए-पट्ट्यांची रुंदी होती तेवढीच. तंतू आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. १९५४च्या मे महिन्यात 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत हेच सांगणारे दोन शोधनिबंध शेजारी शेजारी आले: अँड्र्यू हक्सली व नीडरगर्क यांचा बेडकाच्या जिवंत तंतूंवर, ह्यू हक्सली व जीन हॅन्सन यांचा सशाच्या सुट्या मायोफायब्रिलवर (स्नायूपेशीच्या आतल्या बारीक दोऱ्यांवर). दोन्ही हक्सली एकमेकांचे कुणी लागत नव्हते. आपला प्रयोग दुसऱ्या जोडीच्या घराण्यातला.

आकड्यांवर जरा थांबतो. अर्धा सारकोमिअर पाव मायक्रोमीटरने, म्हणजे २५० नॅनोमीटरने आखडला. मायोसिनचं डोकं (जाड तंतूतून बाहेर आलेलं, ॲक्टिन धरणारं टोक) एका ओढीत फार तर १० नॅनोमीटर ओढतं. एका झटक्यात हे भागणारं नाही. डोकी आळीपाळीने धरतात, एटीपी मोडून झालेल्या दोन भागांपैकी फॉस्फेट सोडताना मान वळवून ओढतात, दुसरा भाग एडीपी टाकतात आणि नवा एटीपी चिकटला तरच ॲक्टिन सोडतात. एटीपी मोडला की डोकं पुढच्या ओढीला तयार. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात सगळी एकदम वल्ही मारल्यासारखी दाखवतात, ते मला पटत नाही. तसं झालं तर सगळी एकदम सुटतील आणि भार मागे घसरेल.

पुढचा डाव ईजीटीए या रसायनाचा. ते कॅल्शियम धरून ठेवतं, मग कॅल्शियम पकडणारं प्रथिन ट्रोपोनिन रिकामं राहतं आणि त्याच्या जोडीचं ट्रोपोमायोसिन ॲक्टिनवरच्या डोकी धरायच्या जागा झाकून बसतं. अशा द्रावणात एटीपी टाकला तर डोकी सुटतील पण पुन्हा धरणार नाहीत, आणि आत्ता कडक असलेला धागा चिमट्याने ओढता येईल इतका मऊ पडायला हवा. ठिपके किती आत येतात ते मोजून लिहितो.