डाइव्ह २६ ते ३३: कमरेचं शिसं ८ किलोवरून ५ वर

माझ्या स्कूबा डायव्हिंगच्या वहीत डाइव्ह २६ ची नोंद अशी आहे: नेत्राणी बेट, सरासरी खोली १२ मीटर, ३१ मिनिटं, सिलिंडरमधल्या हवेचा दाब २०० बारवरून ५० वर. त्याखाली दोनदा अधोरेखित केलंय, ‘माझ्यामुळे सगळे वर आले.’ बाकी तिघांकडे तेव्हा ९०-१०० बार शिल्लक होते. मुरुडेश्वरहून दीड तास बोटीत हेलकावे खात जायचं, कपारीतून गोबरा मासा नुकता कुठे डोकं बाहेर काढतोय, आणि माझ्या गेजकडे (हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे) बघून सगळ्यांना निघावं लागतं. फार वाईट वाटलं त्या दिवशी.

घरी आल्यावर हिशेब मांडला. आपल्याकडे सगळीकडे मिळतो तो ॲल्युमिनियमचा सिलिंडर ११.१ लिटरचा. १५० बार वापरले म्हणजे १६६५ लिटर हवा. भागिले ३१ मिनिटं, भागिले १२ मीटरवरचा दाब, म्हणजे पृष्ठभागावरच्या २.२ पट. उत्तर आलं मिनिटाला साधारण साडेचोवीस लिटर. हा आकडा प्रत्येक डाइव्हनंतर काढत जा. नुसत्या बारवरून काही कळत नाही, कारण ६ मीटरवरचे १०० बार आणि १८ मीटरवरचे १०० बार यांची तुलनाच होत नाही.

हवा लवकर संपते म्हटलं की ‘श्वास कमी घे’ असा सल्ला हमखास मिळतो. कृपा करून तो ऐकू नका. मी दोन डाइव्ह तसं करून पाहिलं. श्वास रोखून रोखून घेतल्याने दोन्ही वेळा वर आल्यावर डोकं ठणकत होतं, आणि हवा तेवढीच गेली होती. शिवाय श्वास रोखलेला असताना नकळत वर सरकलो, तर छातीतली हवा फुगून फुप्फुसाला इजा होते. श्वास सोडायचा, पूर्ण सोडायचा, मग पुढचा घ्यायचा. मी आत घेताना मनात ४ मोजते, सोडताना ६.

खरं कारण कमरेला होतं. अगदी सुरुवातीला एका ठिकाणी बोटीवर चढल्या चढल्या, मला काही न विचारता ८ किलो शिशाचा पट्टा बांधला होता. नवखा माणूस जड असला की मधेच वर तरंगत नाही आणि सांभाळणाऱ्याचं काम सोपं होतं, म्हणून असं सर्रास करतात. मला हे पटत नाही. तो आकडा वहीत चढला आणि पुढे प्रत्येक ठिकाणी मीच ‘८ द्या’ म्हणत गेले. वजन ६२ किलो, सूट ३ मिलिमीटरचा, आणि कमरेला ८ किलो!

३ किलो शिसं जास्त असलं की ते पेलायला बीसीडीत, म्हणजे अंगातल्या फुगवायच्या जॅकेटमध्ये, ३ लिटर हवा जास्त भरावी लागते. १२ मीटरवरची ती ३ लिटर हवा ५ मीटरवर येईपर्यंत जवळजवळ साडेचार लिटर होते, म्हणजे दीड किलोच्या आसपास जास्तीचा उचल. मग सोडा, परत भरा, परत सोडा. शिवाय शिसं कमरेला आणि हवा छाती-पाठीला, त्यामुळे पाय खाली लोंबतात. मासा पाणी कापत जातो तसं जायचं सोडून मी दार ढकलत चालल्यासारखी छातीने पाणी ढकलत होते. दम लागणार नाही तर काय.

डिसेंबरात मालवणला चार डाइव्ह फक्त यासाठी केल्या. पाणी गढूळ होतं, ४-५ मीटरपलीकडे दिसत नव्हतं, खोलीही ७-८ मीटरच. सरावाला हे उत्तम, कारण बघायला काही नसलं की लक्ष स्वतःकडे राहतं. वजनाची परीक्षा अशी केली: डाइव्हच्या शेवटी सिलिंडरमध्ये ५० बार असताना पृष्ठभागावर उभं राहायचं, बीसीडी पूर्ण रिकामी करायची, नेहमीसारखा श्वास घेऊन हात-पाय न हलवता थांबायचं. पाणी डोळ्यांच्या पातळीला यायला हवं, आणि श्वास सोडला की हळूहळू बुडायला हवं. मी ८ किलोवर दगडासारखी गेले. ७ वर तेच. ६ वर जरा बरं. ५ वर पाणी बरोबर मास्कच्या मध्यावर येऊन थांबलं.

हे भरलेल्या सिलिंडरवर करत असाल तर निघेल त्या आकड्यात २ किलो मिळवा. भरलेल्या हवेलाही वजन असतं, आणि ॲल्युमिनियमचा सिलिंडर संपत आला की तरंगायला बघतो. तेवढं धरलं नाही तर शेवटी ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायच्या वेळी आपण वर ओढले जातो. तलावात शिकलेल्यांनी तलावातला आकडा समुद्रात वापरू नये. खाऱ्या पाण्यात अंगावरच्या सगळ्या सामानासकट दोन-अडीच किलो जास्त लागतं.

त्याच चार दिवसांत दुसरी खोड सापडली. मी पोहायला शिकले गावच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. तिथे हात थांबला की नाकातोंडात पाणी, त्यामुळे हात मारत राहणं अंगात मुरलंय. वर आल्यावर मालवणचा इन्स्ट्रक्टर म्हणाला, “ताई, हात कित्याक हलवतास? ता काम पायांचा.” पुढच्या डाइव्हला उजव्या हाताने डावं मनगट धरून ठेवलं. पहिली दहा मिनिटं कासावीस झाले. मग पाय आपोआप बेडकासारखे, गुडघ्यातून वळून चालायला लागले आणि तळाची वाळू उडायची थांबली. पाचातला एक किलो पट्ट्यावरून काढून सिलिंडरच्या पट्टीला लावला, तेव्हा कुठे अंग आडवं राहिलं.

एक कळकळीने सांगते. जड माणूस प्रवाळावर गुडघे टेकतो, हाताने आधार घेतो. मालवणला पाच मिनिटांत तीन जणांना तसं करताना पाहिलं. तिथलं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि बोटभर प्रवाळ वाढायलाही वर्षं जातात. वजन बरोबर असेल तर टेकायची गरजच पडत नाही.

कोल्हापूर, बेळगाव, पुण्याकडे परतणाऱ्यांसाठी घाटाचा मुद्दा. डाइव्हनंतर अंगात मुरलेल्या नायट्रोजनचे उंचीवर बुडबुडे होऊ शकतात, म्हणून विमान टाळायचं हे डाइव्ह करणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असतं, पण तो नियम ६०० मीटरच्या वरच्या उंचीला धरला जातो. आंबोली ६९० मीटरच्या आसपास आहे, बेळगाव त्याहून उंच. दुपारी वर आलो आणि संध्याकाळी घाट चढलो, हे बरोबर नाही. एकच डाइव्ह असेल तर १२ तास, जास्त असतील तर १८ तास जाऊ द्या. मी आता एक रात्र खाली मुक्काम करते आणि दुसऱ्या दिवशी जेवून निघते.

खाली उतरताना कानावर दाब येतो, तो मोकळा करण्यात प्रगती थोडी. डावा कान अजून हट्टी आहे. पृष्ठभागावरच एकदा दाब मोकळा करून, मग दोरी धरून पाय खाली ठेवून उतरते, पहिले ५ मीटर दर अर्ध्या मीटरला. दुखलं की मीटरभर वर. जोर लावून नाक फुंकायचं पूर्ण बंद केलंय.

डाइव्ह ३३, जानेवारी, परत नेत्राणी. सरासरी १२ मीटर, ४६ मिनिटं, २०० वरून ५०. हिशेब साडेसोळा लिटर. एका कपारीत शेवंड (लॉबस्टर) होतं, मिशा बाहेर. मी हातभर अंतरावर तरंगत राहिले. श्वास घेतला की मी वीतभर वर, सोडला की खाली, आणि ते दर वेळी एक मिशी माझ्याकडे वळवत होतं. मैत्रिणीने गेज विचारला. मी बोटांनी ९० दाखवले, तिने स्वतःचे ८० दाखवले. या वेळी वर यायची खूण तिने केली.

पुढच्या खेपेला ४.५ किलोवर करून बघणार आहे, पण ५ मीटरवरचे ३ मिनिटं न झगडता निघाले तरच.